मुलं काय खातात, असं त्यानं विचारलं

जूनच्या पहिल्या आठवड्यात तारकर्लीला जायचं ठरवलं ते स्वस्तात पडतं म्हणून. मे महिन्यात खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर दुप्पट भाव. लेकीची पहिलीची शाळा जूनच्या मध्याला सुरू होणार, नवऱ्याला चार दिवस रजा, आणि धाकटा दोन वर्षांचा, म्हणजे गाडीत त्याचं अजून तिकीट नाही.

घर मी नकाशाच्या ॲपवर शोधलं. माडांच्या मधे कौलारू घर, पुढे तुळशीवृंदावन, केळीच्या पानावर वाढलेलं ताट, लोकांचे भरभरून अभिप्राय. फोटो खरे होते, अभिप्राय खरे होते. घरसुद्धा खरं होतं. खोटा होता तो फक्त फोन नंबर.

फोन एका तरुण मुलानं उचलला. घर चालवणाऱ्या काकूंचा भाचा, असं म्हणाला. दर सांगण्याआधी त्यानं विचारलं, "ताई, सोबत लहान मुलं आहेत का? काय खातात?"

आमचा धाकटा वरणभात, केळं आणि बिस्किट यांच्यापलीकडे काही तोंडात घेत नाही. बाहेर जेवायला गेलो की "तिखट अजिबात नको" असं तीनदा सांगायचं आणि लालभडक वाटी समोर यायची, मग मी पर्समधलं केळं काढायचं, हे नेहमीचंच. हा मुलगा म्हणाला, "काकू बाळासाठी वेगळा मऊ भात टाकतील. नारळाच्या रसातलं फिक्कं कालवण करतील. मोठीला घावणे देऊ." मी त्याच्याशी पंधरा मिनिटं बोलले. त्यातलं पैशांवर एखादं मिनिट गेलं असेल.

दिवसाला २,८०० रुपये, जेवणखाण धरून. तीन दिवसांचे ८,४००, निम्मे आधी. ४,२०० रुपये पाठवताना पडद्यावर भलतंच नाव आलं. "मित्राचं खातं आहे, काकूंना हे ऑनलाइन जमत नाही." माझ्या आईलाही जमत नाही. पटलं.

रोज ताजी सुरमई आणि दुसऱ्या दिवशी होडीनं सिंधुदुर्ग किल्ला, असंही त्यानं कबूल केलं होतं. आता आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, आणि किल्ल्याच्या होड्या मेच्या अखेरीलाच बंद होतात. आठवड्यातून दोनदा मासे आणणाऱ्या बाईला हे कळायला हवं होतं. आमची कोळीण दर जूनमध्ये "बर्फातला आहे गं, नंतर बोलू नको" असं बजावूनच देते. पण त्याचं सुरमईचं बोलणं मी ऐकलंच नव्हतं. माझं लक्ष मऊ भातावर होतं.

निघायच्या दिवशी संध्याकाळी साडेसातला त्याचा फोन आला. कुकरच्या दोन शिट्ट्या झालेल्या, दशम्या डब्यात भरायच्या राहिलेल्या, धाकटा कडेवर, आणि लेक एक सँडल सापडत नाही म्हणून भोकाड पसरून बसलेली.

"ताई, उद्याचं चेक-इन आजच ऑनलाइन करावं लागतं, नाहीतर खोली सिस्टीममधून सुटते. पैसे पाठवायचं पान उघडा, मी कोड सांगतो तो रकमेच्या चौकटीत टाका. एक चार नऊ आठ पाच. रक्कम नाही हां ती, कोड आहे."

मी टाकला. मी नुसते पाच आकडे टाकले होते. ॲपनं आपणहून त्यात स्वल्पविराम घातला आणि आधी रुपयाचं चिन्ह लावलं. ₹१४,९८५. ते मला दिसलं. कोडात स्वल्पविराम कशाला येईल, हाही विचार मनात येऊन गेला. तेवढ्यात तिसरी शिट्टी झाली, तो म्हणाला, "पिन टाका म्हणजे कोड पडताळला जाईल," आणि मी पिन टाकला.

पैसे गेल्याचा मेसेज आला. "होल्डला जातात ताई, घाबरू नका. परत यायला दुसरा कोड टाकू. दोन नऊ नऊ सात शून्य." तेवढे खात्यात नव्हतेच, म्हणून तिथं वाचले. तोही चिडला-बिडला नाही. "असू दे, उद्या काकू रोख देतील. बाळाला दूध किती वाजता लागतं? सांगून ठेवतो."

फोन ठेवला तेव्हा मला कळलं होतं. हे लिहायला जड जातंय, म्हणून सरळच लिहिते: मला तेव्हाच कळलं होतं. पण बॅगा दारात होत्या, मुलांच्या पायात चपला होत्या, नवरा रिक्षा बघायला खाली गेला होता. सांगितलं तर सगळं इथंच थांबणार, आणि मूर्ख मी ठरणार. दूध किती वाजता लागतं असं विचारणारा माणूस चोर असेल का, अशी मनाची समजूत घातली आणि कुकर उतरवला. ठाण्याला मध्यरात्रीच्या आसपास कोकणकन्या पकडली. मुलं झोपली. मी पनवेलपासून चिपळूणपर्यंत दर थोड्या वेळानं त्याचा नंबर लावत होते. बंद.

कुडाळला उतरून रिक्षानं तारकर्ली गाठली. फाटक ओळखीचं, तुळशीवृंदावन ओळखीचं. फाटकावर रंगवलेला फोन नंबर मात्र माझ्याकडच्या नंबराहून पूर्ण वेगळा. काकू बाहेर आल्या आणि माझा चेहरा बघूनच समजल्या. मेपासून असं आलेलं आमचं तिसरं बिऱ्हाड.

"बुकिंग नाय गो तुमचा. आणि सुरमय खयची आता? बंदी लागली मां." मग मुलांकडे बघून म्हणाल्या, "पोरां भुकेली दिसतत. आधी पेज घालतंय, पैशांचा मागसून बघूया."

उकड्या तांदळाची पेज, वर खोबऱ्याचा तुकडा, बाजूला लोणच्याची फोड. धाकट्यानं दोन वाट्या संपवल्या. मी पडवीत बसून रडले, आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, "काल रात्री का नाही बोललीस?"

या प्रश्नाची किंमत मला नंतर रुपयांत कळली. १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी हेल्पलाइन क्रमांक. मी तो लावला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला, म्हणजे पंधरा तासांनी. पलीकडच्या माणसानं बँक, रक्कम, वेळ आणि मेसेजमधला १२ आकडी व्यवहार क्रमांक विचारला. तक्रार नोंदवल्यावर पैसे ज्या ज्या खात्यांत फिरलेत तिथं जे शिल्लक असेल ते गोठवतात, पण शिल्लक असेल तरच. माझे पैसे तोवर तिसऱ्या खात्यात गेले होते आणि बरेचसे तिथूनही निघाले होते. ६,३०० रुपये अडकले. बाकीचे गेले, आधीचे ४,२०० तर केव्हाच. अडकलेले हातात यायला अर्ज, पोलीस ठाणं, असा रस्ता आहे. त्याच रस्त्यावर मी अजून आहे.

बँकेत गेले तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "पिन तुम्ही स्वतः टाकलाय ना?" रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातली ग्राहकाच्या निष्काळजीपणाची तरतूद त्यांनी मला दाखवली: अशा व्यवहारात तक्रार करेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

तुम्हीही दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन कुठंतरी जाणार असाल. नकाशावरच्या कुठल्याही ठिकाणाच्या माहितीत कुणीही बदल सुचवू शकतो, फोन नंबरसुद्धा. मालक वयस्कर असला, त्यानं ती नोंद कधी उघडून बघितलीच नसली, तर बदललेला नंबर महिनोन्‌महिने तसाच राहतो. म्हणून नुसत्या तिथल्या नंबरावर जाऊ नका. लोकांनी टाकलेल्या फोटोंत फाटकावरची पाटी शोधा, तिच्यावरचा नंबर बहुतेक वेळा वाचता येतो. मी आधी हे केलं असतं तर? पाटीचा फोटो तिथं होता, सतरावा. मी जेवणाच्या फोटोंपर्यंतच थांबले होते. व्हिडिओ कॉल करून "जरा अंगण दाखवा" म्हणा, खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. आणि रकमेच्या चौकटीत टाकलेला कुठलाही आकडा ही रक्कमच असते, फोनवरचा माणूस त्याला काहीही म्हणो.

पैसे गेले असं वाटलं तर त्या मिनिटाला १९३० लावा. गाडी चुकली तरी चालेल. घरच्यांना नंतर सांगा हवं तर, पण फोन आधी.

आम्ही तीन दिवस तिथंच राहिलो. जूनचे दिवस, खोली रिकामीच होती. काकूंनी दिवसाला १,५०० घेतले, तेही निघताना. आगाऊ रक्कम त्या घेतच नाहीत, "येवा, मगे दी" हा त्यांचा नियम. म्हणजे आधी पैसे मागणारा त्यांचा भाचा नव्हे, हे ओळखायला एवढं पुरेसं होतं, पण ते कळायलाही खरा नंबर लागणार. सुरमई मिळाली नाही. खाडीचे मासे मिळाले, काळ्या वाटाण्याची उसळ मिळाली, आणि लेकीनं एका सकाळी सहा घावणे खाल्ले. किल्ला किनाऱ्यावरूनच बघितला.

परत आल्यावर मी नकाशावर काकूंचा खरा नंबर टाकण्याची दुरुस्ती सुचवली. ती दिसायला चार दिवस लागले. काकूंच्या नातवालाही फोनवरून सगळं समजावलं, नोंद स्वतःच्या ताब्यात कशी घ्यायची तेही सांगितलं. करतो म्हणाला.

गेल्या आठवड्यात सहज उघडून बघितलं. नंबर पुन्हा बदललेला. काकूंना फोन लावला तर त्या एवढंच म्हणाल्या, "परत?"