बीएमआय धरावा की कंबर? रिपोर्ट हातात असलेल्यांसाठी, आणि थिसिसचा आराखडा (सिनॉप्सिस) लिहायला बसलेल्यांसाठीही

माझ्या मावशीच्या चेकअपच्या रिपोर्टवर उंची १५४ सेंटिमीटर, वजन ५४ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २२.८ असं लिहिलेलं होतं आणि पुढे ‘नॉर्मल’. तो कागद तिने कपाटात ठेवून दिला. शुगर तपासून घे म्हटलं की ‘मी कुठे जाड आहे?’ हे उत्तर ठरलेलं. दीड वर्षाने मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तेव्हा उपाशीपोटीची शुगर १६८ निघाली, म्हणजे मधुमेह.

त्या आठवड्यात मी टेप घेऊन तिच्याकडे गेले. कंबर भरली ८८ सेंटिमीटर. मग अंबाडा सोडायला लावून उंची पुन्हा घेतली, ती आली १५२. वरचे दोन सेंटिमीटर अंबाड्याचे होते. तेवढ्या फरकाने बीएमआय २३.४ होतो आणि भारतीयांसाठी मानलेली २३ ची रेषा ओलांडून जातो.

मी काही वर्षं आरोग्य सर्वेक्षणांसाठी वजनकाटा आणि टेप घेऊन गावोगाव फिरले आहे. त्यामुळे नात्यातली माणसं रिपोर्ट दाखवून विचारतात, आणि पीजी करणारी मुलं थिसिससाठी विचारतात. प्रश्न एकच असतो: यातलं नेमकं कोणतं माप धरायचं? दोघांना मी वेगळी उत्तरं देते.

बीएमआयची खरी ताकद

किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, एवढंच हे गणित. बेल्जियमच्या अडॉल्फ केटले या खगोलशास्त्रज्ञाने १८३० च्या दशकात ते मांडलं. तो ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते शोधत होता. चरबी किंवा आजार हा त्याचा विषयच नव्हता. १९७२ मध्ये अमेरिकेच्या अॅन्सेल कीज यांनी पाच देशांतल्या सात हजारांवर पुरुषांची मापं तपासली. उंची-वजनाच्या सोप्या सूत्रांपैकी हे त्यातल्या त्यात बरं, असं त्यांनी दाखवलं आणि त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं. त्या अभ्यासात बायका नव्हत्या. शिवाय कीज यांनी ते समूहांच्या अभ्यासासाठी सुचवलं होतं, एकेका माणसाचं निदान करायला नव्हे.

तरीही या आकड्याला नावं ठेवून मोकळं होणं मला पटत नाही. काटा आणि उंचीपट्टी कुठेही नेता येते, दोन वेगळ्या माणसांनी मोजलं तरी आकडा जवळपास तोच येतो, आणि जगभरातल्या कोट्यवधी माणसांच्या नोंदी याच मापात आहेत. आजाराचं संशोधन तुलनेवर चालतं, आणि तुलनेला एवढा मोठा साठा दुसऱ्या कोणत्याही मापाकडे नाही.

पण तो साठा वाचताना फसायला होतं. २०१३ मध्ये ९७ अभ्यास आणि सुमारे २९ लाख माणसं एकत्र करून एक निष्कर्ष आला: बीएमआय २५ ते ३० असलेल्यांचा मृत्युदर ‘नॉर्मल’ वजनाच्या लोकांपेक्षा सुमारे ६ टक्के कमी. थोडं जाड असणं चांगलं, अशा बातम्या झाल्या. २०१६ मध्ये २३९ अभ्यासांतल्या एक कोटीहून जास्त माणसांची माहिती दुसऱ्या गटाने पुन्हा चाळली. त्यांनी विडी-सिगारेट ओढलेली माणसं वगळली, आधीपासून जुना आजार असलेली वगळली, आणि पहिल्या पाच वर्षांतले मृत्यूही बाजूला काढले. आता सर्वांत कमी मृत्युदर २० ते २५ मध्ये दिसला, आणि २५ च्या पुढे तो चढत गेला.

हा फरक कशामुळे पडतो, ते आपल्याकडच्या एखाद्या गावाची यादी डोळ्यांपुढे आणली की लगेच कळतं. बीएमआय १९ च्या रकान्यात कोण कोण असतं? शेतात राबणारा काटक माणूस असतो. तीस वर्षं विडी ओढून खंगलेलाही असतो. टीबीने वजन घटलेला असतो, आणि ज्याचा कॅन्सर अजून कुणालाच कळलेला नाही तोही असतो. या सगळ्यांना एका रकान्यात घालून ‘बारीक माणसं लवकर मरतात’ असं म्हटलं, तर आजाराने आलेल्या बारीकपणालाच आजाराचं कारण ठरवल्यासारखं होतं. म्हणून बीएमआयवरचा कोणताही अभ्यास वाचताना मी आधी दोन गोष्टी शोधते: तंबाखू ओढणाऱ्यांचं काय केलं, आणि सुरुवातीच्या वर्षांतल्या मृत्यूंचं काय केलं.

पुण्यातून आलेला आकडा

बीएमआय कुठे उणा पडतो, ते ज्या दोन माणसांमुळे जगाला सहज समजलं त्यांतले एक पुण्याचे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच शेजारी-शेजारी उभा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

याच गटाने पुणे जिल्ह्यातल्या गावांमधल्या नवजात बाळांची मापं घेतली होती. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपल्या बाळाचे दंड बारीक, पोट लहान, पण खांद्याच्या पाठीमागच्या हाडाखालची चरबीची घडी त्या मानाने जपलेली. वरून हडकुळं आणि आत चरबी राखून असलेलं शरीर आपण जन्मतःच घेऊन येतो, हे त्यातून दिसलं. मावशी जाड दिसत नव्हती हे खरंच होतं. तिचे हातपाय आजही काडीसारखे आहेत.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक आकडा आणखी जवळचा आहे. इंग्लंडमधल्या साडेचौदा लाखांवर लोकांच्या नोंदी तपासून २०२१ मध्ये दिसलं, की गोऱ्या माणसाला बीएमआय ३० ला मधुमेहाचा जेवढा धोका असतो, तेवढा दक्षिण आशियाई माणसाला २३.९ लाच असतो. आपले लोक लेस्टरला किंवा न्यू जर्सीला राहत असतील आणि तिथल्या तक्त्यात २४ ला हिरवा रंग दिसत असेल, तर तो हिरवा त्यांच्या शरीरासाठी ठरवलेला नाही. आपल्याकडे २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. जागतिक आरोग्य संघटनेचा नेहमीचा तक्ता २५ आणि ३० चा आहे. काही लॅबच्या रिपोर्टवर अजून तोच छापतात, म्हणून ‘नॉर्मल’ हा शब्द वाचण्याआधी खाली कोणती हद्द लिहिली आहे ते बघा.

कंबर

पोटाच्या आत, यकृताभोवती आणि आतड्यांभोवती साठणारी चरबी साखर आणि कोलेस्टेरॉल बिघडवते. कंबरेचं माप तिच्या जास्त जवळ जातं. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० ही धोक्याची रेषा आहे. ‘इंडियाब’ या देशव्यापी अभ्यासाचे २०२३ मधले आकडे बघा: बीएमआयने मोजलेला लठ्ठपणा २८.६ टक्के लोकांत, पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के लोकांत. शंभरात अकरांचा फरक. नुसत्या काट्यावर उभं केलं तर एवढी माणसं नजरेतून निसटतात, आणि माझी मावशी त्यांच्यातलीच एक.

पण कंबर मोजणं वजनासारखं सरळ नाही, हे गावात फिरल्यावर कळतं. बाईला ‘कंबर दाखवा’ म्हटलं की ती परकराची नाडी बांधते तिथे बोट ठेवते. तिथे काळपट वळ असतो आणि घेर कमी भरतो. पुरुष टेप बघितली की पोट आत ओढतात. कुणी सांगतो ‘चौतीस लिहा ना, पँटवर आहे’, आणि ती पँट ढेरीच्या खाली बांधलेली असते. टेप लावली की ९८ सेंटिमीटर. बरोबर जागा म्हणजे सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ, यांच्या मधोमध. दोन्ही बाजूंनी बोटांनी चाचपून पेनाने खूण करायची, टेप जमिनीला समांतर ठेवायची, कातडीत रुतू द्यायची नाही. मग म्हणायचं, ‘श्वास सोडा, पोट सैल सोडा,’ आणि श्वास सोडून झाला की आकडा वाचायचा. दोनदा मोजायचं. दोन मापांत एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

गरोदरपणात, बाळंतपणानंतरचे काही महिने, किंवा पोटात पाणी झालं असेल तर या मापाला अर्थ नाही. बीएमआय ३५ च्या पुढे गेलेल्या माणसालाही कंबर फार वेगळं काही सांगत नाही.

कंबर आणि उंची, कंबर आणि नितंब

कंबर भागिले उंची हे माप मला घरासाठी सर्वांत आवडतं. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, इतकंच लक्षात ठेवायचं. पुरुष-बाईसाठी वेगळा तक्ता नको, बुटक्या बाईवर अन्याय नाही. ०.५ ते ०.५९ म्हणजे धोका वाढलेला, ०.६ च्या पुढे जास्त. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये बीएमआय ३५ च्या आतल्या प्रौढांना हाच सल्ला दिला. मावशीचा आकडा ०.५८ आला. टेप नसेल तर आपल्या उंचीएवढी सुतळी कापा, दुमडून निम्मी करा आणि कंबरेभोवती गुंडाळा. टोकं जुळली नाहीत तर काय ते कळलंच.

कंबर-नितंब गुणोत्तराला संशोधनात मान आहे. २००५ च्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात ५२ देशांतल्या सुमारे २७ हजार लोकांमध्ये हार्ट अॅटॅकशी त्याचा संबंध बीएमआयपेक्षा बराच घट्ट निघाला. तरी घरी मी ते सुचवत नाही. वजन उतरताना दोन्ही घेर एकदम कमी झाले तर गुणोत्तर जागचं हलत नाही, आणि माणूस नाउमेद होतो.

चरबीचे टक्के दाखवणारे घरगुती काटे पायांतून हलकी वीज सोडून अंदाज बांधतात. पाणी किती प्यायलात त्यावर तो आकडा खालीवर होतो. एकाच काट्यावर, सकाळी, त्याच वेळी बघितला तर कल कळतो. त्याहून जास्त भरवसा नको. शरीरातली चरबी थेट मोजणारं डेक्सा स्कॅन चांगलं, पण खर्चिक, आणि त्यात थोडे क्ष-किरण लागतात. ‘पोट सुटलंय का’ हे बघायला त्याची गरज नाही.

मग काय धरायचं?

स्वतःसाठी बघत असाल तर एकच माप निवडायची वेळ आल्यावर कंबर-उंची धरा. दोन चालणार असतील तर बीएमआय सोबत ठेवा, भारतीय हद्दींनी. बीएमआय २३ च्या आत आणि कंबर जास्त असेल, तर जाड दिसत नाही म्हणून थांबू नका, उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. मावशी सहा महिने औषध आणि रोजचं चालणं नेमाने करते आहे. वजन फक्त एक किलो उतरलं, बीएमआय २३.४ चा २२.९ झाला, कंबर मात्र ८८ वरून ८४ वर आली. नुसत्या काट्याकडे बघत बसली असती तर तिने चालणं केव्हाच सोडलं असतं.

तालमीतल्या पैलवानाचा बीएमआय ३० च्या वर असेल तर घाबरायचं कारण नाही, कंबर बघा. तालीम सुटली आणि वजन तेवढंच राहिलं, तर मात्र नक्की बघा. सत्तरीच्या आजीचं गणित उलटं आहे. पाठीला बाक येऊन उंची घटते, त्यामुळे बीएमआय फुगतो, आणि आतून स्नायू गेलेले असतात. तिचं वजन आपोआप उतरत असेल तर खुश होऊ नका, डॉक्टरांना दाखवा. लहान मुलांना मोठ्यांची हद्द लावूच नका, त्यांचे वय आणि लिंगाप्रमाणे वेगळे तक्ते असतात.

थिसिस करणाऱ्यांना मी सांगते: उंची, वजन आणि कंबर तिन्ही घ्या. बीएमआय नसेल तर तुमची आकडेवारी दुसऱ्या कुणाशी ताडून बघता येणार नाही. कंबर नसेल तर आपल्या माणसांतली गोष्टच हुकेल. उंची-वजन विचारून लिहू नका, माणसं उंची वाढवून सांगतात आणि वजन कमी. कोणती हद्द लावणार ते सिनॉप्सिसमध्येच लिहा, आकडे बघून मग ठरवू नका. नुसते गट पाडून थांबू नका, बीएमआय सलग आकडा म्हणूनही वापरा. बीएमआय आणि कंबर ही दोन्ही मापं एकाच सांख्यिकी मॉडेलमध्ये घातलीत तर अर्थ बदलतो, हे गाइडशी बोलून घ्या. तिथे कंबरेचा आकडा ‘त्याच बीएमआयच्या दुसऱ्या माणसापेक्षा पोट किती जास्त’ एवढंच सांगतो. आणि जानेवारी २०२५ मधला लॅन्सेटच्या आयोगाचा अहवाल वाचा. नुसत्या बीएमआयवरून लठ्ठपणाचं निदान करू नये, कंबरेसारख्या आणखी एका मापाने किंवा चरबी थेट मोजून खात्री करावी, आणि अवयवांवर परिणाम झाला आहे का ते वेगळं बघावं, असं त्यात म्हटलं आहे. बीएमआय ४० च्या वर असेल तरच ही खात्री करायची गरज नाही.

काटा शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठेवू नका, खाली शहाबादी फरशी घाला. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते, म्हणून महिन्यातून एकदा ती स्टीलच्या टेपशेजारी धरून बघा. आणि उंची घेताना अंबाडा सोडायला सांगा.