इन्स्पायर इम्प्लांट: सीपॅप सोसत नसेल तर?

झोपेत घसा आवळून श्वास अडखळतो (स्लीप अ‍ॅप्निया), त्यावर सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र, वापरतात. ते सोसत नसेल त्यांच्यासाठी इन्स्पायर हे शरीरात बसवायचं यंत्र आहे. उजव्या कॉलरबोनखाली वीज देणारा जनरेटर, बरगड्यांमध्ये श्वास ओळखणारी वायर, हनुवटीखाली जिभेच्या नसेभोवती पट्टी. श्वास आत घेताना नसेला विजेची हलकी चालना मिळते, जीभ पुढे सरकते, घसा मोकळा राहतो. झोपताना रिमोटने चालू, सकाळी बंद. (२०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या पाचव्या आवृत्तीत बरगड्यांतली वायर नाही. बरं झालं, एक वायर वाचली.)

या यंत्राच्या २०१४ च्या स्टार चाचणीत १२६ रुग्णांमध्ये तासाला किती वेळा श्वास अडखळतो याचा मध्यक (मधला आकडा) १२ महिन्यांत २९.३ वरून ९ वर आला. मात्र सुरुवातीपासून वेगळा तुलना गट नव्हता. फायदा झालेल्या ४६ जणांपैकी निम्म्यांचं यंत्र आठवडाभर बंद ठेवलं, तेव्हा त्रास परतला. पुरावा पटतो, पण तो गाळून घेतलेल्यांचा आहे.

ही गाळणीच कळीची. औषधाने झोपवून दुर्बिणीने घसा बघतात; टाळूमागची जागा चहूबाजूंनी आवळत असेल, तर नुसती जीभ पुढे आणून भागत नाही. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३२ च्या वर असलेल्यांनाही चाचणीत घेतलं नव्हतं.

यंत्र साधारण महिन्याने सुरू करतात. व्होल्टेज घाईने वाढवलं की जीभ दुखते, दातांवर घासते, झोपमोड होते. टप्प्याटप्प्याने वाढवा, मग रात्रभराच्या झोप-तपासणीत सेटिंग पक्कं करून घ्या.