बॉनेटची पिकअप की सपाट तोंडाची?

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला हाच प्रश्न विचारला आणि तिघांनाही मी दुकानाच्या ओट्यावर उभ्या उभ्या अर्धवट उत्तर दिलं. म्हणून आता सवडीने लिहितो. प्रश्न दीड-दोन टनांच्या पिकअपचा आहे. एकीकडे बॉनेटच्या गाड्या, म्हणजे महिंद्राची बोलेरो पिकअप आणि टाटाची योद्धा. दुसरीकडे सपाट तोंडाच्या, म्हणजे टाटाची इंट्रा आणि अशोक लेलँडची बडा दोस्त, ज्यात चालक इंजिनावर बसतो. किंमत, हप्ता, वॉरंटी हे शोरूमवाला सांगेलच, त्यात मी पडत नाही.

आमचा इंदूरच्या सियागंजात किराण्याचा ठोक व्यवहार आहे. गाडी आठवड्यातून दोनदा सांवेरमार्गे उज्जैनला जाते आणि पोहे भरून आणते. दोनदा भेरूघाट उतरून बडवाह-सनावदला तेलाचे डबे आणि साखर पोचवते, येताना सरकीची ढेप मिळाली तर तीच घेऊन चढते. उरलेले दिवस शहरातल्या शहरात. सहा वर्षं हे काम सपाट तोंडाच्या गाडीने केलं. दीड वर्षापासून बॉनेटची आहे.

आधी मालाचं बोलतो, कारण लोक टनाचा आकडा बघून गाडी ठरवतात आणि मग हौद्याच्या लांबीसाठी हळहळतात. साखरेची ५० किलोची ३४ पोती रचली की १.७ टन पुरे होतात, आणि हौद्यात अजून बसायला जागा असते. तेलाचं तसंच. १५ किलोचे १०० डबे म्हणजे दीड टन, आणि डबे छातीच्याही वर जात नाहीत. पोह्यांचं उलट. फाळक्याच्या वर रचून, रस्सा ओढून, ताडपत्री टाकून गाडी हत्तीसारखी दिसते आणि काट्यावर मात्र एक टनही भरत नाही. तुमचा माल पोह्यांच्या जातीचा असेल तर टन विसरा, फूट मोजा. बोलेरो पिकअपच्या मॅक्स मालिकेतल्या एचडी गाड्यांत हौदा ३०५० मिमीपर्यंत, म्हणजे दहा फुटांचा मिळतो. इंट्रा व्ही७० चा ९.७ फुटांचा आहे. इथे दोन्ही पक्ष जवळजवळ बरोबरीत.

आणखी एक गोष्ट आरसीवर बघायची. भरलेल्या गाडीचं एकूण वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, ३००० किलोच्या आत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. १.३ आणि १.५ टनांच्या गाड्या साधारण या रेषेच्या आत राहतात, १.७ आणि २ टनांच्या पलीकडे जातात. दोनशे किलो जास्त न्यायला मिळतात म्हणून वरची गाडी घेणाऱ्याने हा कागदांचा खर्चही त्यातच धरावा. आम्हाला तेल-साखरेमुळे वरची लागली. नुसते पोहे असते तर खालचीच पुरली असती.

आता सपाट तोंडाच्या गाडीची बाजू, आणि ती मनापासून मांडतो, कारण सहा वर्षं तिने आमचं घर चालवलंय. सियागंजातली गल्ली ज्यांनी सकाळी अकराला बघितली आहे त्यांना सांगायला नको. हातगाड्या, लोडिंग रिक्षा, डोक्यावर पोतं घेतलेले हमाल, मधेच कोणाची स्कूटर. तिथे चालकाला समोरचं चाक कुठे आहे ते पायाखाली कळतं. नाक नाही, त्यामुळे तेवढ्याच लांबीच्या गाडीत हौदा जास्त येतो आणि वळायलाही कमी जागा लागते. आमच्या गोदामासमोर ती गाडी एका दमात मागे लागायची. बॉनेटच्या गाडीला अजूनही दोनदा पुढे-मागे करावं लागतं आणि मागच्या रिक्षावाल्याचा हॉर्न ऐकावा लागतो. ज्यांचं काम राजवाडा, मल्हारगंज, छावणी एवढ्यातच आहे, चोइथराम मंडीतून भाजी उचलून गल्लोगल्ली टाकायची आहे, त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. त्यांच्यासाठी सपाट तोंडाचीच बरी, असं माझं प्रामाणिक मत आहे.

इंजिनांचा वाद मला तितका मोठा वाटत नाही. सपाट तोंडाच्या गाड्यांत दीड लिटरचं डिझेल, बोलेरोत अडीच लिटरचं, योद्धात २.२ चं. कागदावर इंट्रा व्ही५० चं दीड लिटरचं इंजिन २२० एनएम ओढ (टॉर्क) देतं आणि बोलेरो मॅक्स एचडीचं अडीच लिटरचंही तेवढीच. योद्धाची २५०. पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे, गाड्या अचूक तपासायच्या त्या तिथे. माझं माप म्हणजे बलवाड्याकडून सिमरोलकडे चढणारा भेरूघाट. मोठं इंजिन तिथे दुसऱ्या गिअरमध्ये शांतपणे चढतं; लहान इंजिनही चढतं, पण चालकाला गिअरशी जास्त खेळावं लागतं. आमच्या उस्तादांना, म्हणजे चालकाला, ते आवडत नव्हतं, दुसऱ्या एखाद्याला त्याचं काही वाटणारही नाही. सपाट रस्त्यावर डिझेलच्या हिशेबात लहान इंजिन आमच्याकडे थोडं स्वस्तच पडायचं, हेही सांगितलं पाहिजे.

मग मी गाडी का बदलली? सीटमुळे.

इंजिन सीटखाली असलं की रोज सकाळी ते बघायचं म्हणजे सीट उचलायची. ऐकायला काही वाटत नाही. पण त्या सीटवर आणि सीटमागे काय असतं ते आठवा: बिल्टीची, म्हणजे मालाच्या पावत्यांची, फाइल, डबा, पाण्याची पाच लिटरची कॅन, अंथरायची सतरंजी, जॅकचा दांडा, आणि लांबच्या फेरीला सोबत आलेला माणूस. हे सगळं काढायचं, खटका सोडायचा, सीट एका हाताने धरायची आणि दुसऱ्या हाताने ऑइलची दांडी ओढायची. पावसात दार उघडं ठेवून हे करायचं. उस्ताद पहिले काही महिने रोज करायचे, मग दोन दिवसांनी, मग सर्व्हिसिंगला होईलच म्हणून. मी त्यांना दोष देत नाही. मीही तेच केलं असतं.

एका मे महिन्यात आम्ही ढेप भरून घाट चढत होतो. मी सोबत होतो. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि बडवाह नर्मदेकाठी दोनशेच्या आसपास, म्हणजे तेवढी सगळी चढण भरल्या गाडीने आणि निमाडच्या उन्हात. अर्ध्या घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा वर जायला लागला. त्याआधी दहा मिनिटं मला मांडीखाली ऊब लागत होती, पण त्या केबिनमध्ये मे महिन्यात ऊब नेहमीचीच, म्हणून बोललो नाही. गाडी बाजूला घेतली, चाकामागे दगड लावले. सामान रस्त्यावर काढलं. सीट उचलली तर वाफ सरळ केबिनमध्येच. एका नळीची क्लिप सैल झाली होती आणि इंजिन थंड ठेवणारं कूलंट कित्येक दिवसांपासून थेंब थेंब जात होतं. नळीखालच्या पत्र्यावर वाळून पांढुरका ओघळ उमटला होता, बोटभर रुंद. तो काही एका दिवसाचा नव्हता. सकाळी कोणी उघडून बघितलं असतं तर लगेच दिसला असता.

इंजिन थंड होईपर्यंत दोन तास आम्ही पळसाच्या सावलीत बसलो. डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या, पिण्याचं पाणी गाडीला घातलं. हेड गॅस्केट वाचलं, हे नशीब. क्लिप सैल होणं ही कुठल्याही गाडीत होणारी गोष्ट आहे आणि ज्या कंपनीची ती गाडी होती तिचा मी यात काही गुन्हा मानत नाही. पण तेव्हापासून मला वाटायला लागलं की आपल्याला अशी गाडी हवी, जिचं इंजिन बघायला कष्ट पडत नाहीत.

आता उस्ताद सकाळी गाडीपाशी येतात, उदबत्ती लावतात आणि बॉनेट उघडतात. तोंडात दातून असतानासुद्धा. पट्टा बोटाने दाबून बघतात, कूलंटच्या बाटलीवरची रेघ बघतात, दांडी पुसून परत घालतात. तीन मिनिटं. त्यांना कोणी सांगावं लागत नाही. शिवाय केबिन थंड राहते. पूर्वी सनावदहून परतल्यावर ते पायाला गार पाण्याची धार लावायचे, ते बंद झालं. आणि सांवेर रोडवर रात्री रोजडी (नीलगाय) आडवी येते तेव्हा आपल्या गुडघ्यांपुढे हात-दोन हात पत्रा आणि इंजिन आहे याचं मला बरं वाटतं. हे सुरक्षेचं प्रमाणपत्र नव्हे, माझ्या मनाचं समाधान आहे.

बॉनेटच्या गाडीत खटकणारं काही नाही असं नाही. मागे स्प्रिंगचे पाटे इतके जाड की रिकामी गाडी रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा कंबरेला सांगते. अर्धा टन तरी माल असला की शहाण्यासारखी चालते. नाकामुळे गल्लीत त्रास होतो तो वर सांगितलाच. रिकाम्या फेऱ्या जास्त असतील तर हा मुद्दा हलका समजू नका.

बॉनेटच्या दोघींत कोणती, हा वेगळा प्रश्न. बोलेरो मॅक्सची नवी मालिका एप्रिल २०२३ मध्ये आली, १.३ पासून २ टनांपर्यंत, त्यातली १.७ ची लांब हौद्याची आम्ही घेतली, मुख्यतः हौद्यासाठी आणि आमचा देवास नाक्याचा मिस्त्री तिच्यावर हात बसलेला आहे म्हणून. योद्धा २.० सप्टेंबर २०२२ पासून दोन टन नेते, ओढीला जोरदार आहे आणि योद्धाच्या मालिकेत फोर बाय फोरही मिळते. पावसाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीतून थेट शेताच्या बांधावरून लसूण-बटाटा उचलायचा असेल तर मी योद्धाकडे आधी बघेन. सीएनजीच्या पिकअपही आता दोन्ही बाजूंना आहेत. शहरातच फिरायचं असेल तर विचार करावा. घाटाच्या फेऱ्यांसाठी आम्ही डिझेलच ठेवलं.

शोरूममध्ये जाल तेव्हा एक करा. सेल्समन स्क्रीनवर काही दाखवायला लागला की त्याला थांबवा आणि म्हणा, ऑइलची दांडी आणि कूलंटची पातळी दाखवा, मीच बघतो. ज्या सपाट तोंडाच्या गाडीत सीट न उचलता दोन्ही दिसतील, तिथे माझी अर्धी तक्रार संपली, ती गाडी खुशाल घ्या. नाहीतर सीटवर तुमचा डबा, फाइल आणि पाण्याची कॅन ठेवा, आणि मग उचलून बघा. चालकालाही सोबत न्या, सीट त्यालाच उचलू द्या.