फ्लॅटहेड, हेमी की स्मॉल ब्लॉक : म्हापशाजवळच्या एका गॅरेजचे परीक्षण

आजोबांनी मुरगाव बंदरातून सोडवून आणलेली १९४७ सालची फोर्ड आमच्या बार्देशातल्या घरामागच्या मांगरात बावीस वर्षे उभी होती. तिचे आठ सिलिंडरांचे इंजिन जाम झाले होते आणि एका बाजूच्या हेडखालून पाण्याचे ओघळ उतरून गंजले होते. ते इंजिन मी म्हापशाबाहेरच्या एका जुन्या गॅरेजकडे सोपवले आणि सात महिन्यांनी चालते करून घेतले. हे परीक्षण त्या कामाचे आहे. मात्र हॉट रॉडच्या, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेल्या जुन्या गाड्यांच्या, इतिहासातील सर्वश्रेष्ठ इंजिन कोणते, हा जो वाद त्या गॅरेजात कायम चालू असतो, तो वगळून या कामाबद्दल काही सांगता येणार नाही, कारण माझ्या इंजिनाविषयीचे जवळजवळ सगळे निर्णय त्या वादातूनच झाले. गॅरेजचे मालक वर्षाला मोजकीच जुनी इंजिने घेतात आणि गर्दी नको म्हणून त्यांनी नाव छापू नका असे सांगितले आहे. त्यांच्या शब्दाला मान देऊन मी त्यांचा उल्लेख, सगळे गिऱ्हाईक करते तसा, ‘मेस्त’ एवढाच करतो.

येथे येण्यापूर्वी मी दुसऱ्या एका गॅरेजात गेलो होतो. तेथे इंजिनाचे झाकणही न उघडता, हे काढून टाका आणि डिझेल बसवा, असा सल्ला मिळाला. हा सल्ला आपल्याकडे नवा नाही. १९६१ पूर्वी गोव्यात आलेल्या परदेशी गाड्या पुढे पेट्रोलचे भाव वाढल्यावर परवडेनाशा झाल्या आणि अशा कितीतरी गाड्यांच्या पोटात डिझेल इंजिने गेली. मेस्तांनी स्वतः तरुणपणी हे काम केले आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली प्लेट लेथवर कातून घेणे, चासीला नवे माउंटिंग लावणे, पंख्याला जागा करून देणे, ही सगळी कारागिरी कॅलिफोर्नियातल्या हॉट रॉडवाल्यांचीच आहे. फरक हेतूचा होता. ते लोक वेगासाठी इंजिन बदलत होते आणि आपले लोक खर्च वाचवण्यासाठी. मेस्तांनी माझी गाडी पाहिली, ब्लॉकवर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि हे इंजिन मी बदलून देणार नाही, एवढेच म्हणाले. इंजिन बदलायचे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी लागते आणि जानेवारी २०१९ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करणे अधिकच अवघड झाले आहे. परंतु त्यांच्या नकारामागे कायदा नव्हता, त्या इंजिनाविषयीचा आदर होता.

तो आदर समजून घ्यायचा तर १९३२ सालाकडे जावे लागते. त्या वर्षी फोर्डने स्वस्त गाडीत व्ही-८, म्हणजे व्ही आकारात दोन ओळींनी आठ सिलिंडर असलेले, इंजिन दिले. आठ सिलिंडरांचे इंजिन तोवर श्रीमंतांच्या गाड्यांत असे. फोर्डने दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि क्रँककेस एकाच ओतीव तुकड्यात काढण्याची युक्ती साधली आणि २२१ घन इंचांचे, ६५ अश्वशक्तीचे इंजिन सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असल्यामुळे हेड म्हणजे वरचे सपाट झाकण उरले, म्हणून त्याला फ्लॅटहेड म्हणतात. माझ्या गाडीतले इंजिन याच जातीचे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यात यंत्रे हाताळायला शिकलेली तरुण मुले दक्षिण कॅलिफोर्नियात परतली, तेव्हा भंगारात हीच इंजिने पडलेली होती. त्यांनी जुन्या गाड्यांचे मडगार्ड आणि टप काढून त्या हलक्या केल्या, एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन-तीन लावले, हेड तासून कॉम्प्रेशन वाढवले आणि एल मिराजसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर त्या पळवल्या. या शर्यतींचा वेळ मोजणारी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन १९३७ मध्येच स्थापन झाली होती, आणि १९४९ मध्ये तिने बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर पहिला वेग-सप्ताह भरवला. व्हिक एडलब्रॉक यांनी या इंजिनासाठी दोन कार्ब्युरेटरांचा मॅनिफोल्ड बनवला आणि त्यातून पुढे त्यांचा मोठा उद्योग उभा राहिला. झोरा आर्कस-डंटोव्ह या अभियंत्याने भावाबरोबर फ्लॅटहेडसाठी वरच्या व्हॉल्व्हची ‘आर्डन’ हेडे तयार केली. तोच माणूस पुढे शेवरोलेच्या कॉर्व्हेट गाडीचा आधारस्तंभ ठरला.

मेस्तांचे म्हणणे असे की, सर्वश्रेष्ठ इंजिनाचा मान फ्लॅटहेडचा, कारण त्याआधी हा छंद गरिबाच्या हातात नव्हता. हे ऐकताना मला ते पटत असे. मग त्यांनी माझा ब्लॉक केमिकलच्या हौदातून काढून टेबलावर ठेवला आणि त्याचा मोठा दोष स्वतःच दाखवला. या इंजिनात जळालेला वायू दोन ओळींच्या मधल्या दरीतून निघतो आणि सिलिंडरांच्या फटींतून, थंड पाण्याच्या जॅकेटमधून वाट काढत बाहेरच्या बाजूला येतो. प्रत्येक बाजूला चार सिलिंडर असूनही बाहेर पडायला भोके तीनच, कारण मधल्या दोघांची वाट एकच आहे. म्हणजे जे पाणी इंजिन थंड करायचे, तेच पाणी आधी धुराच्या नळ्या थंड करत बसते. म्हणून फ्लॅटहेड तापते, आणि तापून व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरपर्यंत तडा जातो. माझ्या ब्लॉकमध्ये असा एक तडा होता. मेस्तांनी तो भिंगाखाली दाखवला, मला त्यावर बोट फिरवायला लावले आणि मगच दुरुस्तीचा खर्च सांगितला. गिऱ्हाईकाला आपल्या यंत्राचा आजार डोळ्यांनी पाहू देणारे गॅरेज मी गोव्यात दुसरे पाहिलेले नाही.

वादातले दुसरे पक्षकार म्हणजे संध्याकाळी येऊन बसणारे एक निवृत्त तारवटी. जहाजाच्या इंजिन रूममध्ये आयुष्य गेलेल्या या गृहस्थांचा कौल क्रायस्लरच्या हेमीला. १९५१ मध्ये ३३१ घन इंच आणि १८० अश्वशक्ती घेऊन आलेल्या या इंजिनाचा ज्वलनकक्ष अर्ध्या गोळ्यासारखा आहे. त्यामुळे व्हॉल्व्ह मोठे बसतात आणि हवा एका बाजूने येऊन समोरच्या बाजूने सरळ निघून जाते. १९६४ मध्ये ४२६ घन इंचांच्या हेमीने डेटोना ५०० शर्यतीत पहिले तीनही क्रमांक मिळवले आणि रिचर्ड पेटी विजेते ठरले. आजही अमेरिकेत नायट्रोमिथेन या इंधनावर चालणाऱ्या, सरळ रेषेतल्या शर्यतीच्या टॉप फ्युएल ड्रॅगस्टरांची इंजिने याच आराखड्याची वंशज आहेत. शक्तीच्या हिशेबात तारवटीबाबांचे म्हणणे खोडून काढता येत नाही. पण हेमी जड आहे, प्रत्येक हेडवर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकरचे दोन-दोन दांडे आहेत आणि ते बनवायला महाग पडले. छोट्या गॅरेजात, मर्यादित पैशांत, रात्री कंदिलाच्या उजेडात उघडून बसावे असे ते यंत्र नाही, आणि हॉट रॉडचा मोठा भाग अशाच गॅरेजांत घडलेला आहे.

तिसरा पक्ष मेस्तांच्या मुलाचा, आणि अखेरीस मी त्याच्या बाजूचा झालो. एड कोल यांच्या देखरेखीखाली तयार झालेले शेवरोलेचे स्मॉल ब्लॉक व्ही-८ १९५५ च्या गाड्यांत आले. २६५ घन इंच, साध्या रूपात १६२ अश्वशक्ती. मुलाने मला त्याचे चित्र खडूने जमिनीवर काढून दाखवले. रॉकर ओतीव नाहीत, पत्र्यातून दाबून काढलेले, आणि प्रत्येक रॉकर स्वतःच्या स्टडवर एका गोळीवर डुलतो. त्यासाठी लांब दांड्याची गरजच नाही. रॉकरला ढकलणारे पुशरॉड पोकळ असून तेल त्यांतूनच वर चढते. डावे-उजवे हेड एकमेकांच्या जागी बसते. एवढे करून हे इंजिन शेवरोलेच्याच सहा सिलिंडरांच्या इंजिनापेक्षा वजनाने हलके निघाले. अगदी पहिल्या वर्षीच्या ब्लॉकला ऑइल फिल्टरची सोयच नव्हती, हा दोष मुलाने लपवला नाही. १९५७ मध्ये २८३ घन इंचांतून फ्युएल इंजेक्शनच्या साहाय्याने २८३च अश्वशक्ती काढली गेली. १९६७ मध्ये ३५० घन इंचांचा अवतार आला. दोन सिलिंडरांच्या मध्यांमधले ४.४ इंचांचे अंतर तर १९९७ च्या अॅल्युमिनियमच्या एलएस-१ इंजिनामध्येही कायम राहिले. एका दशकातले हेड दुसऱ्या दशकातल्या ब्लॉकवर चढवता येणे, ही सोय ज्या इंजिनाने सामान्य कारागिराला दिली, त्याने हॉट रॉडचे दार सगळ्यांत रुंद उघडले, असे माझे मत झाले. फ्लॅटहेडने त्या पिढीला हे काम शिकवले, हे मी मान्य करतो. तरी १९५५ नंतर थोड्याच वर्षांत त्याच लोकांनी फ्लॅटहेड उतरवून शेवरोले चढवले, आणि ज्यांनी ते इंजिन रोज हाताळले त्यांची ही साक्ष मला सर्वांत वजनदार वाटते.

मेस्तांना हे मान्य नाही, आणि त्यांच्या कामात ती निष्ठा उतरलेली दिसते. माझ्या इंजिनाचा तडा त्यांनी लोखंडी पिना एकमेकींत गुंफत बसवून बंद केला आणि त्या जागी नवी सीट घातली. दोन सिलिंडरांना स्लीव्ह टाकून बोरिंग केले. क्रँक ग्राइंडिंगला बाहेर पाठवला, तरी परत आल्यावर प्रत्येक जर्नल स्वतः मायक्रोमीटरने मोजून वहीत आकडे लिहिले आणि त्या पानाची प्रत मला दिली. हेडचे चोवीस नट तीन फेऱ्यांत, मधल्यापासून बाहेरच्या बाजूला आवळले, आणि इंजिन एकदा तापवून गार झाल्यावर पुन्हा तपासले. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते, हे लक्षात घेऊन फ्युएल पंपाचा पडदा आणि सगळे रबरी पाइप त्यांनी मी न सांगता बदलले. सहा व्होल्टची मूळ वायरिंग आणि पॉझिटिव्ह अर्थिंग तशीच ठेवली, कारण ती बदलण्याचे कारण नव्हते.

तक्रारीही आहेत. खर्चाचा अंदाज लेखी मिळाला नाही आणि अमेरिकेहून मागवलेल्या रिंगा, बेअरिंग आणि गॅस्केटवर किती जकात बसेल हे आधी सांगितले असते, तर मला पैशांची जुळवाजुळव नीट करता आली असती. चार महिन्यांत होईल म्हणून सांगितलेले काम सात महिन्यांवर गेले. दुपारी एक ते साडेतीन गॅरेज बंद असते आणि त्या वेळी फोन उचलला जात नाही, हे बाहेरगावच्या गिऱ्हाईकाने ध्यानात ठेवावे. सर्वांत मोठी चूक रेडिएटरची झाली. ज्या इंजिनाचा मुख्य रोगच तापणे हा आहे, त्याचा रेडिएटर केवळ बाहेरून धुऊन परत बसवणे योग्य नव्हते.

ती चूक चोर्ला घाटात उघडी पडली. डिचोली, साखळी, केरीपर्यंत गाडी इतकी शांत चालली की खिडकीतून आतल्या कुळागरांतल्या पाटाचे पाणी ऐकू यावे. पहिली मोठी चढण निम्मी झाली आणि तापमानाचा काटा वर सरकू लागला. मी गाडी सावलीत उभी करून बॉनेट उघडले. इंजिनाने मार खाल्ला नाही, गॅस्केट फुटले नाही, तड्याच्या जागी ओलही नव्हती. अर्ध्या तासाने ती पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि माथ्यावर पोचली. दुसऱ्या दिवशी हे सांगितले तेव्हा मेस्तांनी सबब सांगितली नाही. रेडिएटर काढून घेतला, नळ्यांची जाळी स्वतःच्या खर्चाने नवी करून देण्याचे कबूल केले आणि पाण्याचा जोर थोडा कमी व्हावा म्हणून होजमध्ये घालायची एक चकती लेथवर कातून ठेवली. मुलगा शेजारी उभा राहून, शेवरोले असती तर ही वेळ आली नसती, असे म्हणाला, आणि तारवटीबाबांनी दोघांनाही हेमीच्या पाण्याच्या वाटा समजावून सांगायला सुरुवात केली. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, मी त्याच घाटाने पुन्हा जाणार आहे. त्या वेळी मेस्त शेजारच्या सीटवर बसणार आहेत.