जिनिव्हातली यूएन टूर: लग्नं दुसऱ्यांची, कार्यालय यांचं

जिनिव्हात एकच तास रिकामा असेल तर कारंजं काय लांबूनही दिसतं, तो तास पाले दे नासिओंच्या, म्हणजे यूएनच्या इथल्या मुख्यालयाच्या, गाईडेड टूरला द्या. १५ नंबरची ट्राम, शेवटचा स्टॉप नेशन्स, उतरलं की समोर ती १२ मीटर उंच, एक पाय तुटलेली लाकडी खुर्ची, भूसुरुंगांच्या विरोधात १९९७ ला उभी केलेली. फोटो काढा, पण टूरवाल्यांची एन्ट्री तिथून नाही, चढ चढून प्रेग्नी गेटला जावं लागतं.

आणि ओरिजिनल पासपोर्ट न्या!! आमच्या ट्रॅव्हल एजंटने हे सांगितलंच नव्हतं, पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये, आम्ही गेटवर, स्लॉट गेला तो गेलाच, दुसऱ्या दिवशीचा मिळाला हे नशीब.

आत मानवाधिकारवाल्या हॉलचं छत बघून मान दुखेपर्यंत वर बघत राहिलो, मिकेल बार्सेलो या स्पॅनिश चित्रकाराने रंगाचे अक्षरशः लोंबते थर दिलेत, गुहेत बसल्यासारखं वाटतं आणि खुर्ची बदलली की रंगही बदलतात. बाकीचे हॉल ठीक, हॉलसारखे हॉल.

पण मला खरी मजा आली ती स्वित्झर्लंडची. जगाची भांडणं यांच्या अंगणात मिटवायची, १९८५ ला अमेरिकेचे रेगन आणि सोव्हिएत युनियनचे गोर्बाचेव्ह पहिल्यांदा भेटले ते याच गावात, आणि हे स्वतः यूएनचे मेंबर कधी झाले तर २००२ ला! १९८६ च्या मतदानात तर पंचाहत्तर टक्के लोकांनी सरळ नाही म्हटलं होतं, कारण तटस्थपणा जाईल ही भीती. आता बाहेर झेंड्यांच्या रांगेत मेंबर देशांपैकी यांचाच तेवढा चौरस, शोधा, सापडतो.

बरं हे नुसते हॉल देऊन मोकळे होत नाहीत. १९८० पासून इराणमध्ये अमेरिकेची दूतावासाची कामं तेहरानमधले स्विस बघतात, म्हणजे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत आणि निरोप पोचवायला हे. कोरियाच्या सीमेवर १९५३ पासून यांचे लोक युद्धबंदीवर नजर ठेवून आहेत, आता फक्त पाच अधिकारी, पण अजून आहेत.

टूर साधारण तासभर, बुकिंग ऑनलाइन आधीच करा, चालणं बरंच आहे तर सँडल नको. बागेत मोर मोकळे फिरतात, आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांचे फोटो त्यांचेच निघाले. माझ्याकडून पाच स्टार, एजंटला शून्य.