पीसी८१७ चा चार चॅनेलचा ऑप्टोकपलर बोर्ड: प्रेसवर चार महिने वापरून

उद्यमबागेत माझी पॉवर प्रेसची छोटी शेड आहे. किती स्ट्रोक पडले ते ऑपरेटर खडूनं मशीनच्या अंगावर लिहायचा, आणि तेलाच्या हातानं ते पुसलं गेलं की संध्याकाळी हिशेब लागायचा नाही. म्हणून सुट्टीला आलेला भाचा आणि मी मिळून ईएसपी३२ वर, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या कंट्रोलर बोर्डावर, काउंटर करायला घेतला. सेन्सर शेडमधलाच, २४ व्होल्टचा तीन वायरचा एनपीएन प्रॉक्सी (लोखंड जवळ आलं की सिग्नल देणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर). तपकिरी प्लस, निळी मायनस, काळी सिग्नल.

पहिला ईएसपी३२ जळाला. 'एनपीएन सेन्सर सिग्नलला नुसता मायनसकडे ओढतो, काळी वायर थेट पिनला लाव,' असं ओळखीतल्या एकानं ठामपणे सांगितलं आणि मी ऐकलं. बोर्ड गेल्यावर भाचा म्हणाला, "मामा, मीटर लावून बघूया की." सेन्सरसमोर लोखंड नसताना काळ्या वायरवर २२ व्होल्टच्या वर दाखवत होतं. अशा बऱ्याच सेन्सरांत काळी आणि तपकिरी यांच्यामध्ये आतूनच रेझिस्टर असतो, तो हे व्होल्टेज बाहेर आणतो. ईएसपी३२ ची पिन ३.३ व्होल्टची. ३.६ च्या वर ती टिकेल याचा भरवसा नाही.

मग पीसी८१७ चा हा ऑप्टोकपलर बोर्ड मागवला, सव्वाशे रुपयांच्या आत मिळाला. पीसी८१७ मध्ये एका बाजूला एलईडी आणि दुसऱ्या बाजूला फोटोट्रान्झिस्टर. मधून फक्त उजेड जातो, तार जात नाही. व्होल्टेज कमी करायला दोन रेझिस्टरांचा डिव्हायडर टेबलावर चालला असता, पण आमच्याकडं शेजारीच मोटर सुरू होते, वेल्डिंग चालतं. तिथं दोन्ही बाजू तुटक असलेल्याच बऱ्या. बाजारात मिळणारा छोटा लेव्हल शिफ्टर ५ आणि ३.३ व्होल्टच्या मधल्या कामाचा, २४ ला तो लावू नका.

जोडणीत बरेच जण इथं अडकतात: एनपीएन असेल तर काळी वायर बोर्डाच्या इनपुट प्लसला लावून काही होत नाही. इनपुट प्लसला २४ व्होल्ट द्यायचे आणि काळी वायर त्याच चॅनेलच्या इनपुट मायनसला. लोखंड समोर आलं की एलईडी पेटतो आणि ईएसपी३२ ची पिन शून्यावर येते.

आता तक्रार. बोर्डावर ३.६ ते २४ व्होल्ट असं छापलंय, पण माझ्या बोर्डावरच्या इनपुट रेझिस्टरवर ३०२ लिहिलंय, म्हणजे ३ किलोओहम. २४ वर त्यातून सात-साडेसात मिलिअँपिअर जातात आणि तो दीड-पावणेदोन दशांश वॅट गरम होतो. एवढासा चपटा रेझिस्टर साधारण सव्वा दशांश वॅटचाच असतो. बोट लावलं तर चटका बसतो. मी प्रत्येक चॅनेलला बाहेरून ३.३ किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घातला. करंट निम्म्यावर आला, मोजणी तशीच बिनचूक, रेझिस्टर थंड. १२ व्होल्टवर वापरणाऱ्यांना याची गरज नाही.

दुसरं म्हणजे २४ व्होल्टचा मायनस आणि ईएसपी३२ चा ग्राउंड एकमेकांना जोडू नका. सवयीनं हात जातो, आणि ते जोडले की हा बोर्ड घेण्याचं कारणच संपतं. ईएसपी३२ ला मी वेगळा मोबाइलचा चार्जर दिलाय. पिनांवर खोचायच्या वायरी प्रेसच्या हादऱ्यानं आठवड्यात सैल झाल्या, शेवटी सोल्डर करून टाकल्या.

चार महिन्यांत एकही पिन गेली नाही. प्रेसचा वेग या बोर्डाला काहीच नाही, पण वेगानं फिरणाऱ्या एन्कोडरला (फिरणं मोजायला भराभर पल्स देणाऱ्या सेन्सरला) हा घेऊ नका, मागं पडतो. २३० व्होल्ट तर यावर आणूच नका. पीसी८१७ स्वतः ५००० व्होल्टपर्यंतचं इन्सुलेशन देतो, पण या स्वस्त बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांमधलं अंतर बघून मला तो विश्वास वाटत नाही.

दुसऱ्या प्रेससाठी आणखी दोन मागवलेत, रेझिस्टर सोबतच.