ठेका कोणाचा, टाळ्या कोणाला: धरमपेठेतील स्विंग श्रवणमालिकेचे परीक्षण

धरमपेठेतील एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर चालणाऱ्या छोटेखानी श्रवणकक्षाने या उन्हाळ्यात स्विंग काळातील, म्हणजे १९३०-४० च्या दशकांतील नाचण्याच्या जॅझच्या काळातील, ड्रमवादकांवर चार सत्रांची श्रवणमालिका आयोजित केली होती. आठवड्यातून एक सत्र, संध्याकाळी साडेसहा ते नऊ अशी वेळ, मध्ये चहापुरती विश्रांती आणि प्रत्येक सत्राला तीनशे रुपये शुल्क, असे तिचे स्वरूप होते. निवेदक स्वतः ड्रम वाजवणारे आहेत. त्यामुळे ध्वनिमुद्रण ऐकवून झाल्यावर तीच गोष्ट समोर ठेवलेल्या स्नेअर (खाली तारा लावलेला चपटा ड्रम) आणि हाय-हॅटवर (पायाने मिटणारी दोन झांजांची जोडी) करून दाखवण्याची सोय होती, आणि मालिकेतील सर्वांत मोलाचे क्षण तिथेच मिळाले. नागपुरात शास्त्रीय गायन-वादनाला जाणकार श्रोता आहे. वसंतराव देशपांडे सभागृहात तबल्याची साथ नीट जमली की गायकाआधी तबलजीला दाद देणारी माणसे इथे भेटतात. अशा श्रोत्यांपुढे जॅझमधील लयीचा विषय इतक्या गांभीर्याने मांडला जाणे ही आनंदाची गोष्ट आहे. मालिका पुन्हा झाली तर अवश्य जावे, हे आधीच सांगतो. माझी तक्रार आहे ती वेळेच्या वाटणीबद्दल. ज्यांनी सभागृहे जिंकली त्यांना भरपूर वेळ मिळाला आणि ज्यांनी ठेकाच बदलून टाकला त्यांना तुलनेने कमी.

सुरुवात निवेदकांनी हुशारीने केली. १९५१ च्या ‘अलबेला’मधील एक तुकडा ऐकवून त्यांनी श्रोत्यांना विचारले की यातला ड्रम नेमके काय करतो आहे. सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात चिक चॉकलेट यांच्यासारखे गोव्याचे जॅझ वादक होते आणि स्विंगचा तो उसळता ठेका आपल्या कानांवर लहानपणापासून त्यांच्याच मार्फत पडत आला आहे, हे एकदा लक्षात आल्यावर पुढच्या अमेरिकी ध्वनिमुद्रणांबद्दलचा परकेपणा उरला नाही. त्यानंतर एका मुद्द्याकडे त्यांनी लक्ष वेधले, तो सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे मायक्रोफोन येईपर्यंत ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यापुढे बास ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, वाजवण्याची सोयच नव्हती, म्हणून त्याआधीच्या तबकड्यांवरून त्या काळच्या ड्रमवादकांची खरी योग्यता ठरवता येत नाही.

पहिले सत्र चिक वेबचे होते. बाल्टिमोरमध्ये जन्मलेल्या वेबला लहानपणी मणक्याचा क्षयरोग झाला. त्याची उंची खुंटली आणि पाठीला बाक आला. त्याच्या शरीराला झेपतील असे पेडल त्याने खास बनवून घेतले होते आणि त्या मांडणीवर बसून तो न्यूयॉर्कच्या हार्लेममधील सॅव्हॉय बॉलरूम हे नृत्यगृह हलवून सोडत असे. ११ मे १९३७ रोजी याच सॅव्हॉयमध्ये वेबचा आणि क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनचा वाद्यवृंद एकमेकांसमोर उभे राहिले. गुडमन तेव्हा देशभर गाजत होता आणि त्याच्याकडे ड्रमवर जीन क्रूपा होता; तरीही ती रात्र वेबची ठरली आणि क्रूपाने वेबपुढे वाकून मनमोकळेपणाने हार मान्य केली. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण हाती नसल्यामुळे निवेदकांनी दोन्ही वाद्यवृंदांची १९३७ मधली ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकवली. ही योजना उत्तम होती. वेबच्या ‘हार्लेम काँगो’मध्ये ट्रम्पेट-ट्रम्बोनसारख्या ब्रास वाद्यांची फेक संपते न संपते तोच मधल्या रिकाम्या जागेत ड्रमचा छोटा, काटेकोर तुकडा येतो आणि पुढच्या समेवर सगळा वाद्यवृंद उचलला जातो. ड्रमवादक वाद्यवृंदाचे नेतृत्व करतो म्हणजे काय, हे समजून घ्यायला ही तीन-साडेतीन मिनिटे पुरतात. वेब १६ जून १९३९ रोजी गेला. त्याच्या वाद्यवृंदात १९३५ पासून गाणारी एला फिट्झजेराल्ड पुढे जगभर ओळखली गेली, मात्र वेबचे नाव आज फक्त जाणकारांच्या तोंडी राहिले आहे. या सत्रात त्याला न्याय मिळाला.

दुसरे सत्र जीन क्रूपाचे. शिकागोच्या या देखण्या, घामाने निथळत वाजवणाऱ्या वादकाने ड्रमवादकाला मागच्या रांगेतून उचलून रंगमंचाच्या मध्यभागी आणले, यात शंका नाही. १९३७ च्या जुलैत गुडमनच्या वाद्यवृंदाने ‘सिंग, सिंग, सिंग’ ध्वनिमुद्रित केले तेव्हा त्याला बारा इंची तबकडीच्या दोन्ही बाजू लागल्या. नाचण्याच्या संगीतासाठी तीन मिनिटांची चौकट पक्की असलेल्या काळात ही मोठी गोष्ट होती, आणि त्या लांबीला कारण होता क्रूपाचा टॉम-टॉम या खोल आवाजाच्या ड्रमवरचा घुमणारा ठेका. त्याचा दुसरा परिणाम वाद्यावरच दिसतो. त्याआधीच्या टॉम-टॉमचे कातडे खिळ्यांनी ठोकलेले असे आणि त्याचा स्वर हवा तसा लावता येत नसे. क्रूपाच्या आग्रहावरून स्लिंगरलँड कंपनीने वरची आणि खालची, दोन्ही कातडी स्वरात लावता येतील असे टॉम-टॉम बनवले. आज नागपुरातल्या कोणत्याही वाद्यांच्या दुकानात दिसणारा बास, स्नेअर, एक वरचा आणि एक जमिनीवरचा टॉम-टॉम असा संच त्याच्याच मांडणीचा वारसदार आहे. हे निवेदकांनी छायाचित्रांसह फार छान समजावले.

मात्र प्रभाव आणि कौशल्य यांची इथे गल्लत झाली, असे मला वाटते. १६ जानेवारी १९३८ च्या, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधील गुडमनच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण जवळजवळ पूर्ण ऐकवण्यात आले आणि त्यात क्रूपाची ऊर्जा थक्क करते, हे खरेच आहे. पण काळजीपूर्वक ऐकले तर तो बास ड्रमच्या चारही मात्रा सतत जोराने ठोकत राहतो, आणि वाद्यवृंद हळुवार वाजवू लागतो तिथे ते ओझे जाणवते. तबल्याच्या साथीत जो दोष आपल्याला चटकन कळतो, म्हणजे ठेका गायकाला खांदा देण्याऐवजी त्याच्या पाठीवर बसणे, तो दोष इथेही ओळखता येतो. त्याच रात्री कार्नेगी हॉलची मैफल आटोपल्यावर सॅव्हॉयमध्ये चिक वेब आणि काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदांचा सामना झाला होता. बेसीकडे ड्रमवर जो जोन्स होता. न्यूयॉर्कमधल्या एका रात्रीत क्रूपा, वेब आणि जोन्स या तिघांचे तीन मार्ग समोर आले होते, आणि तुलनेला याहून चांगला आधार मिळणे कठीण होते. निवेदकांनी हा योगायोग एका वाक्यात सांगून सोडून दिला, याची हळहळ वाटली.

तिसऱ्या सत्राच्या पूर्वार्धात जो जोन्स होता, आणि माझ्या मते संपूर्ण मालिकेचा कळस तिथे होता. निवेदकांनी आधी जुना ठेका वाजवून दाखवला: पायाने बास ड्रमवर चार ठोस मात्रा आणि हातांनी स्नेअरवर सतत चालणारी घासणी. मग त्यांनी पाय जवळजवळ उचलून घेतला, उजव्या हातातली काठी हाय-हॅटवर आणली आणि डावा हात त्या दोन झांजांजवळ ठेवून त्या पूर्ण न मिटता, किंचित उघड्या ठेवून वाजवू लागले. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पायाने झांजा मिटत होत्या, मधल्या मात्रांवर उघडत होत्या, आणि सुटी सुटी पडणारी लय अखंड वाहू लागली होती. जोन्सने ठेक्याचा भार तळातून वर, बास ड्रमवरून झांजेवर नेला. त्यामुळे खाली जी जागा मोकळी झाली, तिथे वॉल्टर पेजच्या डबल बासच्या चारही मात्रा स्पष्ट ऐकू येऊ लागल्या. त्यावर फ्रेडी ग्रीनचे गिटार बसले आणि बेसीला पियानोवर मोजकेच स्वर वाजवून भागवता आले. एका वादकाने आवाज कमी केल्यामुळे उरलेल्या तिघांचे वाजवणे बदलले, हे समजावून सांगायला निवेदकांनी प्रथम चौघांचे एकत्र ध्वनिमुद्रण ऐकवले आणि नंतर तेच ध्वनिमुद्रण पुन्हा लावून प्रत्येक वाद्य सुरू होते तिथे बोट वर केले. असे शिक्षण पुस्तकातून मिळत नाही.

दुर्दैवाने याच सत्रात सोयीची सर्वांत मोठी उणीव जाणवली. खोलीत वातानुकूलन नाही; खिडकीत मोठा कूलर आहे. मे महिन्यातल्या नागपूरच्या संध्याकाळी तो बंद ठेवण्याची मागणी कोणीही करणार नाही, परंतु त्या कूलरची घरघर नेमकी जोन्सच्या ब्रशकामाच्या, म्हणजे काठीऐवजी तारांच्या कुंचल्याने वाजवण्याच्या, पट्टीत पडते. ब्रशने स्नेअरवर काढलेली वर्तुळे, म्हणजे ज्यासाठी जोन्स आजही अभ्यासला जातो ती गोष्ट, मागच्या दोन रांगांपर्यंत पोहोचलीच नाही. आवाज वाढवल्यावर ट्रम्पेट कर्कश झाले. आयोजकांनी कूलर बाहेरच्या व्हरांड्यात हलवून नळीने हवा आत घेण्याची व्यवस्था करावी, किंवा असा विषय पावसाळा सुरू झाल्यावर ठेवावा.

त्याच सत्राच्या उत्तरार्धात सिड कॅटलेटला जेमतेम अर्धा तास मिळाला. मालिकेतील ही सर्वांत मोठी चूक होय. सहा फुटांहून उंच असलेला हा इंडियानाचा वादक ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या साथीला जितका शोभला, तितकाच तो मे १९४५ मध्ये डिझी गिलेस्पी आणि चार्ली पार्कर यांच्या नव्या, बिकट संगीतातही सहज सामावला. स्विंगच्या पिढीतील फार थोड्या ड्रमवादकांना हे जमले. प्रत्येक एकल वादकामागे तो ठेक्याचा पोत बदलत असे: पियानोला ब्रश, ट्रम्पेटला झांज, आणि ट्रम्बोन आला की स्नेअरच्या कडेवरचे ठणठणीत आघात. ३० नोव्हेंबर १९४७ रोजी बॉस्टनच्या सिंफनी हॉलमध्ये आर्मस्ट्राँगच्या मैफलीत त्याने वाजवलेला एकल तुकडा निवेदकांनी ऐकवला खरा, पण त्यावर बोलायला वेळ उरला नव्हता. त्या वादनात वेगाचे प्रदर्शन नाही. एक छोटी कल्पना तो मांडतो, थांबतो, तीच थोडी फिरवून पुन्हा मांडतो आणि त्या थांबण्यात सभागृह हसते, टाळ्या देते. तबल्याचा कायदा आणि त्याचे पलटे ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हे लगेच उमजेल. मॅक्स रोचने १९६६ मध्ये त्याच्या स्मरणार्थ निव्वळ ड्रमवरची रचना ध्वनिमुद्रित केली. पुढच्या पिढीतल्या सर्वश्रेष्ठ ड्रमवादकांपैकी एकाला ज्याचे ऋण असे जाहीरपणे मानावेसे वाटले, त्याला स्वतंत्र सत्र मिळायलाच हवे होते.

चौथे सत्र संपूर्णपणे बडी रिचला वाहिलेले होते. सभागृहातला उत्साह त्या दिवशी सर्वाधिक होता आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. आईवडिलांच्या व्हॉडव्हिल (विविधरंजन) कार्यक्रमांत अगदी लहानपणी रंगमंचावर आलेला, स्वरलिपी वाचता येत नसलेला, तरीही अवघड संयोजन ऐकून लक्षात ठेवणारा हा वादक हातांच्या तयारीत या सर्वांच्या पुढे होता, हे मान्य करायलाच हवे. त्याच्या डाव्या हाताची सफाई चित्रफितीवर जवळून पाहताना डोळ्यांवर विश्वास बसत नाही. बोटांतून काठी उसळते तेव्हा मनगट जवळजवळ स्थिर असते. १९५२ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये क्रूपाशी झालेला त्याचा सामना ऐकवण्यात आला, तेव्हा वेग आणि स्पष्टता या दोन्ही कसोट्यांवर क्रूपा मागे पडलेला ऐकू येतो. परंतु अडीच तास केवळ तयारी ऐकत राहिल्यावर कान थकतो. रिचच्या साथीचे उत्तम नमुने उपलब्ध आहेत. १९४६ मध्ये सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग आणि पियानोवादक नॅट कोल यांच्याबरोबर त्याने केलेल्या ध्वनिमुद्रणांत तो विलक्षण संयमाने वाजवतो. यातला एकही नमुना ऐकवला गेला नाही, त्यामुळे रिच म्हणजे केवळ वेग, अशीच समजूत घेऊन नवे श्रोते घरी गेले असतील. हा त्याच्यावरही अन्यायच झाला.

कौशल्य हातांच्या तयारीने मोजायचे असेल तर रिच पहिला, हे वादातीत आहे. प्रभाव मोजायचा तर मी जोन्सचे नाव घेईन, कारण त्याने हाय-हॅटवर आणलेली लय पुढे ड्रमवादक केनी क्लार्कने राइड सिंबलवर, म्हणजे दांड्यावरच्या मोठ्या झांजेवर, नेली आणि तेव्हापासून जॅझचा ठेका झांजेवरच राहिला. वाद्याची मांडणी आणि ड्रमवादकाची प्रतिष्ठा क्रूपामुळे बदलली. पण वाद्यवृंदात बसून सर्वांना अधिक चांगले वाजवायला लावण्याची शक्ती हीच ड्रमवादकाची खरी कसोटी मानली, तर वेब आणि कॅटलेट यांच्याइतका वरचा क्रमांक मी रिचला देणार नाही. वुडी हर्मनच्या वाद्यवृंदातला, एकल वादन शक्यतो टाळणारा डेव्ह टफ याच कसोटीवर उतरतो; त्याचा उल्लेखही झाला नाही. ड्यूक एलिंग्टनकडे १९५१ पर्यंत राहिलेल्या सॉनी ग्रीअरचे केवळ छायाचित्र दिसले.

व्यवस्थेबद्दल थोडे. ध्वनिक्षेपक चांगल्या प्रतीचे आहेत आणि जुन्या तबकड्यांची खरखर अनावश्यक पुसून न टाकता ऐकवली जाते, हे योग्यच आहे. प्रत्येक सत्राला एक पानाचा मराठी टिपणीचा कागद मिळतो. त्यात ध्वनिमुद्रणांच्या तारखा आणि सर्व वादकांची नावे असतात, त्यामुळे घरी पुन्हा ऐकणे सोपे जाते. खुर्च्या मात्र प्लास्टिकच्या आहेत आणि अडीच तासांनी पाठ बोलू लागते. प्रश्नोत्तरांसाठी राखलेला वेळ दर वेळी ध्वनिमुद्रणांनी खाल्ला. तबला शिकणारी काही मुले प्रश्न तसेच घेऊन परतली. गाडी लावायला गल्लीत जागा कमी असल्याने सव्वासहापर्यंत पोहोचणे बरे.

पुढील फेरीसाठी आयोजकांना माझी सूचना अशी आहे की रिचचे सत्र निम्मे करावे, उरलेला वेळ कॅटलेटला द्यावा आणि १६ जानेवारी १९३८ च्या रात्रीवर एक स्वतंत्र सत्र ठेवावे. प्रथमच जाणाऱ्यांना चारही सत्रे शक्य नसतील तर त्यांनी तिसरे सत्र निवडावे आणि पुढच्या रांगेत बसावे.